हिर्डोशीचं लग्न, काळंपांढरं

२७ जानेवारी, सोमवार

नोकरी सोडल्याला महिना होत आला आणि आज पहिलं काम मिळालं. म्हणून ही दैनंदिनी. मोठी माणसं सुरुवातीपासून नोंदी ठेवतात म्हणे. मी अजून मोठी झालेली नाही, पण तयारी असलेली बरी.

काम असं. हिर्डोशीच्या गेनूकाकांच्या नूतनचं लग्न सोळा फेब्रुवारीला आहे, दारातच मांडव घालून. मुलगा शिवऱ्याचा, अमृत, हायवेला त्यांची रोपवाटिका आहे. बाबांनी भोरमधला स्टुडिओ केव्हाच बंद केला हे माहीत असूनही गेनूकाका घरी आले, कारण त्यांच्या स्वतःच्या लग्नाचे फोटो बाबांनी काढले होते. बाबा म्हणाले, "मी आता काढत नाही." मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "मी काढते."

मग मी त्यांना माझी पद्धत समजावून सांगितली. मी जुन्या फिल्मवर काढणार, तेही काळेपांढरे. कुणाला उभं करणार नाही, हसा म्हणणार नाही. लग्न जसं घडेल तसं टिपणार.

"म्हंजी आमी काय करायचं?" गेनूकाकांनी विचारलं.

"काही नाही. मी तिथं नाहीच असं समजायचं."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं.

कॅमेरा बाबांचाच नेणार आहे, काचेच्या कपाटातला. बाबा म्हणाले, "तो नको. दुसरा घे." दुसरा म्हणजे त्यांनी शेवटी शेवटी घेतलेला डिजिटल. मी कारणसुद्धा विचारलं नाही. ज्या माणसाने जन्मभर लोकांना "हनुवटी वर" एवढंच सांगितलं, त्याला माझं काम कसं पटावं? गंमत म्हणजे आमच्या घरात बाबांचा एकही धड फोटो नाही. कॅमेरा समोर आला की ते गळ्यापर्यंत बटण लावतात आणि पासपोर्टचा चेहरा करतात.

आईशी तह झाला आहे. हिर्डोशीकरांना फोटो आवडले आणि त्यातून पुढचं एक तरी काम आलं, तर मी भोरमध्ये राहणार. नाहीतर मार्च लागला की पुण्याच्या ऑफिसात परत. त्यांनी माझी खुर्ची अजून कुणाला दिलेली नाही, हे आई रोज सांगते. जेवताना सांगते, म्हणजे मला उठून जाता येत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

हिर्डोशीला जाऊन जागा पाहून आले. परतीची एसटी चुकली आणि पुढची कधी ते कुणालाच सांगता येईना, त्यामुळे गेनूकाकांच्या घरी दोनदा जेवले.

त्यांच्या भिंतीवर बाबांनी काढलेला लग्नाचा फोटो आहे. गेनूकाका आणि चंद्राकाकू शेजारी शेजारी, मध्ये हातभर अंतर, रेशनकार्डासाठी उभे असल्यासारखे. मी मनात म्हटलं, हेच मला बदलायचं आहे.

काकूंना एकच शंका होती. "हळद काळी दिसंल व्हय?"

मी म्हटलं, काळी नाही, राखाडी. त्यांनी त्यावर मला आणखी एक भाकरी वाढली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आईवर सराव केला. ती भाजी निवडताना नकळत फोटो काढायचे होते. तिने पहिल्याच क्लिकला पदर सारखा केला, दुसऱ्याला टिकली लावून आली, तिसऱ्याला म्हणाली, "मार्च जवळ आला हो."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. "मधू, त्या कॅमेऱ्याचं जरा…" असं म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, प्लीज." ते गेले.

१५ फेब्रुवारी, शनिवार. हिर्डोशी.

आज हळद. सगळं बोंबललं.

मी आत पाऊल टाकलं की बायका हातातलं काम टाकून ओळीत उभ्या राहतात. जातं ओढणाऱ्या दोघी जात्यापासून उठून जात्याच्या मागे उभ्या राहिल्या. गेनूकाकांची आत्या धोंडाबाई, वय ऐंशीच्या पुढे, मला पाहून आत गेल्या आणि इरकल नेसून, केस विंचरून, हातात तांब्या घेऊन बाहेर आल्या. तांब्या कशाला ते कळलं नाही.

फोटो काढला की सगळ्यांचं एकच. "दाखवा की." मी सांगते, यात लगेच दिसत नाही, फिल्म धुतल्यावर दिसेल.

"धू की मग," धोंडाबाई म्हणाल्या. "पाणी दिऊ का?"

कॅमेऱ्याच्या पाठीवर नुसतं काळं कातडं पाहून सगळे एकमेकांकडे बघत होते. मी "माझ्याकडे बघू नका" म्हटलं की सगळे एकदम आकाशाकडे बघायचे. नवरीला हळद लागताना काढलेल्या प्रत्येक फोटोत वीस माणसं ढग पाहत असणार.

संध्याकाळी रडकुंडीला येऊन बाबांना फोन केला. इतकं सांगितलं, आणि त्यांचा पहिला प्रश्न, "शटर नीट पडतंय ना?" माणसं खांबासारखी उभी राहतायत आणि यांना शटरचं. मग म्हणाले, "गेनूला फोन दे जरा. तुझ्या झोपण्याची सोय विचारतो." काका फोन घेऊन गोठ्यामागे गेले आणि बराच वेळ बोलत होते. परत आले ते माझ्याकडे अगदी प्रेमाने बघत. काकूंना म्हणाले, "ताईंना चांगली गोधडी दे गं. दमल्यात त्या."

फार मोठ्या मनाची माणसं आहेत. त्यांच्यापुढे मी उद्या काय तोंड दाखवू.

१६ फेब्रुवारी, रविवार. हिर्डोशी.

लग्न पार पडलं. आजच लिहायला हवं.

रात्रीत गाव बदललं. कशामुळे ते मला सांगता येणार नाही. बहुतेक काल मी सांगितलेलं त्यांच्या आत कुठेतरी झिरपलं. आज कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुणी उभं राहिलं नाही, कुणी पदर सारखा केला नाही, कुणी "दाखवा" म्हटलं नाही. सकाळी नूतन तोंडात ब्रश धरून केस सोडून बसली होती. मी कॅमेरा उचलला तर म्हणाली, "काढा ताई, काढा. तुमच्या समाधानासाठी." किती समज आहे या मुलीला.

धोंडाबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुजं काय बी चुकलं न्हाई पोरी. मशीनच ती." यंत्रांबद्दल इतकं शांतपणे बोलणारी बाई मी पुण्यातसुद्धा पाहिली नाही. थोड्या वेळाने त्यांनी नवरदेवाचा काळा गॉगल लावून नाचायला सुरुवात केली. मी तिथेच होते.

नूतनचे मामा सोनबा टेम्पो चालवतात. ते सकाळपासून मोबाईल घेऊन माझ्या मागे होते. मी जिथून फोटो काढीन तिथूनच तेही काढायचे. एका दिवसात एक शिष्य मिळाला.

वरमाई, म्हणजे अमृतची आई, मानाची साडी हलकी निघाली म्हणून सकाळी रुसल्या होत्या. तासभर समजूत काढली, पाय धुतले, तेव्हा कुठे हसल्या. दुपारी आतल्या खोलीत गेले तेव्हा त्यांचा एक फोटो मिळाला. त्याबद्दल धुतल्यावर लिहीन.

आणि आचाऱ्याच्या कढईमागे गेनूकाका. कन्यादान व्हायचं म्हणून काका-काकूंचा दोघांचाही कडक उपास होता. सगळ्या मांडवाला ते माहीत होतं, कारण काका सकाळपासून भेटेल त्याला सांगत होते. ते चवड्यावर बसले होते आणि मुठीत बुंदी होती. मी दोन हातांच्या अंतरावर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि निवांत बकाणा भरला. तेवढ्यात चंद्राकाकू आल्या, कमरेवर हात ठेवून. मी काढतच राहिले. कुणीही मला हाकललं नाही.

हार घालताना मी अगदी पुढ्यात होते, माझ्या मागे सोनबामामा. कॅमेऱ्याचा आवाज मध्ये जरा निराळा वाटला, पण बँजोपुढे काय ऐकू येणार.

निघताना काकूंनी मला ओटी भरून लाडू दिले आणि म्हणाल्या, "वाईट वाटून घिऊ नका." लेकीच्या पाठवणीत मला धीर देत होत्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाय दुखतायत. बाकी काही नाही. मी यशस्वी झाले आहे एवढंच लिहिते. पुण्याच्या ऑफिसला कळवायचा नकार मनात तयार आहे, त्यात "माझ्या कलेचा मार्ग" असे शब्द आहेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज बाथरूममध्ये फिल्म धुतली. आईने ताकाचं भांडं, लोणच्याची बरणी आणि स्वतःला माजघरात हलवलं, वासामुळे. आत अंधारात मी घड्याळाकडे कान लावून उभी, आणि दाराबाहेर बाबा.

"आलं का काही?"

"थांबा की."

"काहीतरी आलंय का?" त्यांचा आवाज मी दहावीचा निकाल आणायला गेले होते तेव्हासारखा झाला होता.

आलं होतं. ओल्या पट्टीवर गॉगलवाल्या धोंडाबाई दिसल्या आणि मी आतल्या आत नाचले. पण मधला एक तुकडा कोरा आहे. मंगलाष्टकं संपली तिथपासून हार घालेपर्यंत, एकसुद्धा चित्र नाही. त्याच्या आधी सगळं आहे, नंतरही सगळं आहे. सगळ्या लग्नातला जो एक फोटो कुणाच्याही घरी असतो, तोच नाही.

बाबांनी पट्टी खिडकीशी धरली आणि फार वेळ पाहिली. कोऱ्या तुकड्याकडे नाही, बाकीच्याकडे. मग म्हणाले, "गेनू बुंदी खातोय."

"हो."

"त्याचा उपास होता ना?"

"हो."

त्यांनी पट्टी जपून दोरीला लावली आणि चहा ठेवायला सांगितलं. रात्री प्रिंट काढायला स्वतः येऊन बसले, न बोलवता. आता म्हणतायत, "हिर्डोशीला मीही येतो. गेनूला भेटून बरेच दिवस झाले." मला संशय आहे की हाराच्या फोटोवरून मी रडले तर सावरायला येतायत. रडणार नाही मी.

२३ फेब्रुवारी, रविवार

सावकाश लिहायला हवं, नाहीतर आजची रागाची भाषा उद्या मलाच वाचायला नको वाटेल.

ओसरीवर सगळे होते. गेनूकाका, काकू, धोंडाबाई, सोनबामामा, आणि माहेरी आलेली नूतन. अमृतही होता. जावई म्हणून त्याच्या सतरंजीवर धुतलेली चादर अंथरलेली. मी पाकीट काढलं, तर ते उघडायच्या आधीच काका म्हणाले, "ताई, मनाला लावून घिऊ नका. व्हतं असं. सोनबानं मोबाईलवर काढल्यात. आमचं काय अडलं न्हाई."

"कशाबद्दल म्हणताय, काका?"

"आता लपवून काय करायचं. कॅमेरा बिघाडलाय ते आमाला हळदीच्या राच्चीच कळलं. दीनाभाऊंनीच सांगितलं फोनवर, तुमच्या बाबांनी. शटर अडाकतंय, काय यील असं वाटत न्हाई, पर पोर हौशीनं आलीया, तिला कुणी बोलू नका, काढल्यासारखं करू द्या. मंग आमी बी कुणी बोललो न्हाई."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा कपातल्या चहाकडे बघत होते, जणू त्यात कुणीतरी पडलं होतं.

गोधडी. तुमच्या समाधानासाठी. मशीनच ती. वाईट वाटून घेऊ नका. सगळं एकामागून एक आठवलं आणि माझे कान तापले. मी ज्याला माझी कला समजत होते ती अख्ख्या गावाने माझ्यावर केलेली दया होती, आणि ती मागून घेतली होती माझ्या बापाने. पाकीट सतरंजीवर उपडं केलं.

पहिला फोटो धोंडाबाईंच्या हातात गेला. "ही कोन म्हातारी?" त्या म्हणाल्या. मग जवळ धरला. "आगं बया. चालतंय व्हय हे?"

मग फोटो ओसरीभर फिरले. लोक फोटो हातात घेत होते आणि स्वतःला ओळखत होते. नूतनने तोंडात ब्रश असलेला लगेच उशीखाली घातला. गेनूकाकांना बुंदीचा दिसला तेव्हा ते झडप घालायला पुढे झाले, पण तोवर तो अमृतच्या हातात गेला होता.

काकांचा चेहरा पडला. जावयासमोर, तेही पहिल्या महिन्यात. त्यांनी हळूच म्हटलं, "शिवऱ्याला काय म्हणतील. उपास मोडून कन्यादान केलं म्हणतील." हे फोटो मी काढले होते. पुढचं काम तर सोडाच, या माणसाची मान मी खाली घातली होती.

अमृतने पुढचा फोटो उचलला. त्यात त्याची आई, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली, आहेराच्या ढिगावर. डोक्याखाली उशाला तीच साडी, हलकी म्हणून सकाळी ढकललेली. त्याने तो गेनूकाकांपुढे सरकवला.

"मामा," तो सासऱ्यांना म्हणाला, "असं करू. आमची आई तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमची बुंदी माझ्याकडं ऱ्हाईल. कुणी कुणाला काय बोलायचं न्हाई."

पहिल्या हसल्या त्या धोंडाबाई. मग सगळी ओसरी.

चंद्राकाकू तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांच्या हातात तिसरा फोटो होता. पहिल्यात काका बुंदी खातायत, दुसऱ्यात काकू कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत, आणि तिसऱ्यात दोघंही शेजारी चवड्यावर बसलीत, दोघांचे गाल फुगलेले, आणि हसू आवरेना म्हणून काकूंनी कपाळ काकांच्या खांद्याला टेकवलंय.

"आई, तू बी?" नूतन म्हणाली.

काकूंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग हातातल्या. "त्या टायमाला आमी एकमेकाला वळखत बी न्हवतो," त्या म्हणाल्या. "हा तितं लावा. त्याच्या बाजूला."

"आगं, उपासाचं?" काका म्हणाले.

"उपास देवाला ठावंच हाय."

हातोडी बाबांनी मागितली. खिळा त्यांनीच ठोकला, त्यांच्या फोटोच्या शेजारी, माझा. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता आणि इतकी माया आली होती की मी परसात जाऊन चूळ भरून आले.

परत आले तर काका शोधत होते. "हार घातल्याला कुठाय?" मी खरं सांगितलं. तिथे शटर खरंच अडकलं होतं. सोनबामामांनी अभिमानाने मोबाईल काढला. त्यांच्या फोटोत माझी पाठ आहे. दुसऱ्यात माझं कोपर आणि अमृतच्या फेट्याचा तुरा. तिसऱ्यात पुन्हा माझी पाठ. सगळ्यांनी ती पाठ अदबीने पाहिली.

"हार हायेत की अजून, देवाऱ्यावर," नूतन म्हणाली.

मी म्हटलं, मी घडवून फोटो काढत नाही. कुणी वाद घातला नाही. सगळ्यांनी फक्त बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. मी गळ्यातला कॅमेरा काढून त्यांना दिला.

मग अंगणात टी-शर्टावर फेटा बांधलेला अमृत, घरच्या साडीतली नूतन आणि सुकून कडक झालेले दोन हार. "हनुवटी वर, नूतन. अमृतराव, खांदा इकडे. हार वर धरा, हं, आता श्वास सोडा." ज्या वाक्यांना मी जन्मभर हसले ती ऐकत मी उजेडात येणाऱ्या धोंडाबाईंना बाजूला धरून उभी होते. दोघं खांबासारखी ताठ झाली होती आणि फार गोड दिसत होती.

निघताना चंद्राकाकू म्हणाल्या, "येल्ह्याला माज्या भावाच्या पोरीचं लगीन हाय मे महिन्यात, शेफालीचं. तुमीच यायचं. फकस्त मशीन चालू हाय म्हणून कुणाला सांगू नका. आमीच फोन करून सांगतो, बिघाडलंय म्हणून."

मी हो म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पुण्याला नकार कळवला. कलेचा मार्ग वगैरे काही लिहिलं नाही, "येत नाही, आभार" एवढंच. आई दिवसभर बोलली नाही, पण संध्याकाळी वेल्ह्याला कोणती एसटी जाते ते शेजारी विचारून आली.

बाबांशी मी कालपासून बोलत नव्हते. चार वाजता ते व्हरांड्यात पेपर घेऊन बसले होते, बनियनवर, चष्मा कपाळावर. मी समोर जाऊन बसले.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दुसरा घेतला असतास?"

"नाही."

"मग." त्यांनी पेपरची घडी केली. "मला वाटलं, तू रिकाम्या हाताने परत येशील. लोक तुला टाकून बोलतील. ते मला ऐकवलं नसतं." घडी बाजूला ठेवून म्हणाले, "मी चूक केली, मधू. तुला येतं हे मला माहीत नव्हतं."

बाबांच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि ते मी येऊ दिलं. ते माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिले, एक पाय खुर्चीवर, गुडघ्यावर हनुवटी. खाली, वर नाही.

काल हारांच्या फोटोसाठी वापरलेल्या नव्या रोलमध्ये बाबांनी एकच फोटो शिल्लक ठेवला होता. मी कॅमेरा उचलला. त्यांचा हात सवयीने गळ्याशी गेला, बटण शोधायला, पण अंगात बनियन होतं.

"राहू द्या बाबा," मी म्हटलं. "शटर अडकलंय पुन्हा. नुसतं बघतेय."

हात खाली आला. ते परत रस्त्याकडे बघू लागले. चष्मा तसाच कपाळावर. ओठ जरासे हलले, हसल्यासारखे, किंवा काहीतरी आठवल्यासारखे. मी बटण दाबलं.

जन्म ज्याने हा आवाज ऐकण्यात घालवला, त्या माणसाला तो ऐकू आला नसेल असं होणार नाही. पण त्यांनी मान वळवली नाही.

"हो," बाबा म्हणाले. "अडकतं कधीकधी."